पाचव्या अल्बममधला खोकला

ता. ३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र पोचलं. ते मी आईला वाचून दाखवलं, पण तुझ्या कानांचा मजकूर वगळून. मग वगळलं ते बरोबर की चूक, याचा दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तोही वाचून दाखवला.  आई एवढंच म्हणाली की लहानपणी तुझे कान तिनेच सगळ्यात जास्त ओढलेत, तेव्हा तर चांगले मजबूत होते.

उजवा कान गेला आणि डाव्याचा फार तर वर्षभर भरवसा, असं डॉक्टर खरंच म्हणाले का? की वहिनींनी काळजीपोटी जास्त लिहिलं? जे असेल ते आकड्यांत कळव. मला आकडा कळला की निदान कशाला घाबरायचं ते समजतं.

आपल्या श्रोता मंडळाचं परिपत्रक सोबत जोडलं आहे. मंडळ बंद होतंय. तू मला पहिल्यांदा बैठकीला नेलंस तेव्हा साठ माणसं होती, मला खुर्ची मिळाली नव्हती. आता बाहेरगावचा तू धरून नऊ. चिटणीस म्हणाले की आता जिने चढवत नाहीत आणि रेकॉर्डही उचलवत नाहीत. तेव्हा शेवटचं एक काम करून कुलूप लावायचं असं ठरलं. बँड मोडल्यानंतर त्यातल्या ऑर्गनवाल्याने, म्हणजे आपल्या म्हाताऱ्याने, एकट्याने जे सात अल्बम काढले, त्यातला एक निवडायचा आणि मार्चअखेरच्या बैठकीत तो पूर्ण वाजवायचा. बँडच्या काळातलं काही धरायचं नाही. बँडवर प्रेम करायला सगळं जग आहे, नंतरच्या सातांना आपल्याशिवाय कोण आहे, असं चिटणीस म्हणाले. हे म्हणताना ते रागावले होते की दमले होते ते कळलं नाही.

नियम जुनेच. सातही अल्बम क्रमाने ऐकायचे, एका दिवशी एकच, मध्ये न उठता. मताबरोबर आपली जागा लिहायची, म्हणजे कुठली बाजू, कुठला तुकडा आणि तिथे नेमकं काय वाजतं. चिटणीस ती जागा सर्वांसमोर लावतात. रेकॉर्डवर ती सापडली नाही तर मत बाद. न ऐकता मत देणाऱ्यांना चाप बसावा म्हणून हा नियम तूच सुचवला होतास, असं जुन्या वहीत लिहिलेलं आहे. मोजणीचं काम माझ्याकडे आलंय. औषधांची लेबलं तपासणाऱ्या माणसाकडून मतांत घोळ होणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं. मला मात्र तेव्हापासून घोळाचीच भीती वाटते.

तुझ्याकडे आता एकही अल्बम नाही हे ठाऊक आहे, म्हणून घरच्या सातही कॅसेट पार्सलने पाठवतोय. सहा आहेत तशाच आहेत. पाचवी फारच खराब होती. टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवून आपण ती उतरवली होती, त्यामुळे मागे सतत घूं असा आवाज आणि मध्येच खडखड. राहिलेल्या कानाला तसलं ऐकवू नये असं वाटलं. चिटणीसांकडून मूळ रेकॉर्ड आणली आणि वायर जोडून नव्याने उतरवली. तुझ्या अक्षरातलं लेबल वाया जाऊ नये म्हणून त्याच कॅसेटवर. आईचं डोकं दुखत होतं, म्हणून आवाज बंद ठेवून नुसते टेपवरचे आवाजाचे काटे बघत बसलो. त्रेचाळीस मिनिटांत काटा एकदाही लाल रेघेपलीकडे गेला नाही.

आईचे आशीर्वाद. वहिनींना नमस्कार. आहे तो लोभ आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
चिमटा

*

ता. १४ फेब्रुवारी

चि. चिमट्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. एवढा दोरा आणि एवढ्या गाठी पाहून तुझी वहिनी म्हणाली की आत कॅसेट आहेत की कैदी. सोडवायला पाऊण तास गेला.

आकडे हवेत ना, घे. उजवा शून्य. डावा शंभरात चाळीस. बारीक, वरचे सूर आधी जातात, जाड आवाज मागे राहतात. सोळा वर्षं लोखंडी कपाटांची दारं ठोकली, त्यातली पहिली दहा कानांत कापूसही न घालता. फोरमन ओरडायचा की कापूस घाल, आणि मी म्हणायचो की ऐकू येत नाही. तेव्हा तो विनोद होता. आता फोरमन माझ्याशी हातवारे करून बोलतो. तुझी वहिनी ओरडून बोलते, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं की आमचं रोज भांडण होतं. खरं म्हणजे भांडायला दोघांनाही दम उरलेला नाही.

तिने मला हेडफोन आणून दिलेत. कामावरून आलो की हातपाय धुऊन, खिडकीकडे पाठ करून बसतो आणि डाव्या कानावर दाबून धरतो. चार झाले. पहिल्यातली ती व्हायोलिनं गेली रे. भिंतीपलीकडे कोणी काच पुसतंय एवढंच कळतं. शिडीच्या चित्राचा दुसरा बरा लागला, त्यात ऑर्गन खालच्या पट्टीत आहे. तिसऱ्यातली पावलं ऐकू आली, जिन्यावरून उतरणारी. चौथ्यातली किटली मात्र नाही. ती शिट्टी कधी येते ते पाठ असल्यामुळे मीच मनात वाजवून घेतली.

आता पाचवा. तो घाईने ऐकायचा नाही. महिनाअखेरीस यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना दोन दिवस बंद असतो. दोन दिवस कान रिकामा ठेवायचा आणि मग बसायचं, असं ठरवलंय. पण माझं मत आत्ताच लिहून घे, कारण ते बदलणार नाही. पाचवा. जागा अशी: दुसरी बाजू, शेवटचा तुकडा. एवढा मोठा ऑर्गन चढत चढत जातो आणि एकदम थांबतो. शांतता. त्या शांततेत म्हातारा खोकतो. दोनदा. मग खुर्ची करकरते. आणि मग ती लांबची घंटा.

पोरसवदा होतो तेव्हा मला वाटायचं की हा काय चावटपणा. पण पावलं काय, किटली काय, हा माणूस असलं घालतच आला, म्हणून सोडून दिलं. आता चौतिसाव्या वर्षी वाटतं की त्याने केलेलं सगळ्यात खरं तेवढंच आहे. माणूस दिवसभर एवढा डोंगर उचलतो, आणि संध्याकाळी त्याच्याकडे उरतं काय, तर खोकला आणि खुर्ची. मी पाळीवरून येऊन बसतो तेव्हा माझंही तेच होतं. हे चिटणीसांना वाचून दाखव. पोस्टमास्तरांना दाखवू नकोस, ते चेष्टा करतील.

जेवत जा. तुझं अक्षर मागच्यापेक्षा बारीक झालंय, म्हणजे तू काळजी करतोयस. आईला सांभाळ. माया आहे ती आहेच, पत्रातून तपासत बसू नये.

तुझा,
दादा

*

ता. २३ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाच्या हाती पडू देऊ नका. म्हणूनच तुमच्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतोय. पत्ता तीनदा ताडून पाहिला आहे.

काल जागा तपासायची बैठक झाली. दादाची जागा चौथी होती. मी त्याचा मजकूर वाचून दाखवला. टंकलेखिका बाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मग चिटणीसांनी सुई ठेवली. ऑर्गन चढला, थांबला. सगळे पुढे वाकले. काहीच नाही. नऊ सेकंद नुसती शांतता, मग घंटा.

चिटणीसांनी सुई पुसून पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही लावली. खोकला नाही आणि खुर्चीही नाही. पोस्टमास्तर म्हणाले की खोकलाच हवा असेल तर मी देतो, तीस वर्षांचा अनुभव आहे. लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. मग कोणीतरी हळूच म्हणालं की बिचाऱ्याचे कान, आणि त्यावर सगळे एकदम गप्प झाले. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. कारण मलाही तो खोकला चांगला आठवत होता आणि माझे कान शाबूत आहेत. चिटणीस म्हणाले की नियम त्याचाच आहे, तरी मार्चच्या मध्यापर्यंत मुदत देतो, जागा नीट बघून कळवू दे.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली की रेकॉर्डवर कसा असेल, तो खोकला तुमच्या अण्णांचा होता.

वहिनी, तुम्ही तेव्हा घरात नव्हता, म्हणून सगळं क्रमाने लिहितो. मी दहा वर्षांचा होतो. दादाने खालच्या वायरमनकडून ती रेकॉर्ड एका दुपारपुरती मागून आणली होती. आवाज होऊ नये म्हणून त्याने मला जिन्यात उभं केलं, कोणी आलं की तोंडावर बोट ठेवायला. पाण्याची मोटर कोणी लावू नये म्हणून स्वतः खाली तिच्याजवळ जाऊन बसला. आईला भांड्यांना हात लावायला बंदी. खोलीत फक्त अण्णा, पाळीवरून आलेले, खुर्चीत. रेकॉर्ड उलटायची आणि बटण दाबायचं काम त्यांच्याकडे. आई म्हणाली की ते चाळीस मिनिटं खोकला दाबून बसले होते, चेहरा लाल झाला होता. शेवटी तो मोठा ऑर्गन थांबला, तेव्हा त्यांना वाटलं की संपलं, आणि त्यांनी मोकळेपणी खोकून घेतलं.

संध्याकाळी आम्ही कॅसेट लावली आणि दादाने विचारलं की हे काय आहे. अण्णा गंभीर तोंड करून म्हणाले की मला काय विचारता, तुमचा म्हाताराच असलं काहीतरी घालतो. आई आत तोंडाला पदर लावून हसत होती. पुढे कधीतरी सांगू, असं त्यांचं ठरलं होतं. ते राहिलं. मग अण्णा गेले, त्यालाही अकरा वर्षं झाली. आईला वाटलं की एव्हाना आम्हाला कळलं असेल.

आणि ती कॅसेट मी पुसली. कोणी सांगितलं नसताना, हौसेने. उतरवताना ती जागा आली तेव्हा काटे अगदी खाली टेकले होते. शांतता किती स्वच्छ आली म्हणून मला आनंद झाला होता, तोही आठवतो. अण्णांचे फोटो घरात तीन आहेत. आवाज म्हणून तेवढा एकच होता, दोन खोकले आणि खुर्ची, आणि तो कशावर आहे हे कळायच्या आत गेला. छापखान्यात रोज दहा हजार लेबलं बघतो आणि एक चुकीचं चिमट्याने उचलून काढतो. घरची एक कॅसेट मला बघता आली नाही.

दादा महिनाअखेरीस ती लावणार आहे. त्याला ती जागा रिकामी लागली तर तो काय समजेल ते तुम्हाला सांगायला नको. डावाही गेला असंच समजेल. काय करू ते कळवा. आपला लोभ माझ्या चुकीपेक्षा मोठा ठरो.

आपला,
धाकटा दीर

*

ता. २७ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. वर्गातल्या मुलींनी विचारलं की बाई, काय झालं, तर सुई बोचली म्हणून सांगितलं.

आधी एक ऐका. चूक तुमची असली तरी ती चांगुलपणाची आहे. तेव्हा तेच तेच उगाळत बसू नका. मला इथे एकाला सांभाळायचं आहे, दुसऱ्याचं ओझं नको.

कॅसेट या पत्राबरोबर परत पाठवतेय. यांना सांगितलं की फीत यंत्रात गुंतली, भाऊजींकडे दुरुस्तीला दिली. म्हणजे खोटेपणाचा वाटा माझ्याही पदरात आला.  बंदचे दोन्ही दिवस हे खिडकीपाशी नुसते बसून होते, कान रिकामा ठेवून. मी हाक मारली तरी वळत नव्हते. ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, हे आता मला ओळखता येत नाही. दिवसभर ओरडून माझा घसा बसतो, आणि संध्याकाळी घरात इतकं शांत असतं की मलाच कानांत बोटं घालावीशी वाटतात.

खरं काय ते मी आजही सांगू शकते, पण ते तुम्ही सांगावं असं मला वाटतं. भाऊ तुमचा, वडील तुमचे. काय करायचं ते लवकर करा. मागच्या आठवड्यात हे दाराची कडी वाजलेली ऐकायचे, या आठवड्यात नाही.

आईंना नमस्कार. रागावलेले नाही, दमलेय, तेवढा फरक लक्षात ठेवून जीव लावत राहा.

तुमची,
वहिनी

*

ता. ५ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाचवी कॅसेट दुरुस्त करून पाठवतोय. फीत गुंतून चुरगळली होती, त्यामुळे पुन्हा उतरवावी लागली. या वेळी जुन्या पद्धतीने उतरवली, म्हणजे स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून. वायरने आवाज जरा कोरडा येतो असं चिटणीसांचं म्हणणं पडलं. त्यामुळे मागे थोडा घूं आवाज येईल, तो दोष समजू नये. बाकी सगळं जागच्या जागी आहे. दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा मी स्वतः तपासला आहे.

तुझ्या मताची नोंद केली. चिटणीसांनी जागेबद्दल किरकोळ खुलासा मागितला आहे. तू पुन्हा ऐकून, काय ऐकू आलं ते दोन ओळींत लिही. घाई नाही, पण पंधरा तारखेपर्यंत आलं तर बरं.

आई बरी आहे. अण्णांच्या खुर्चीचं वेत सैल झालं होतं, ते बसवून घ्यावं असं वाटत होतं, पण तूर्त राहू दिलं आहे. मला थोडा खोकला झाला आहे, हवा कोरडी आहे. काळजी नसावी.

अंतर पडलं तरी अंतर देऊ नये.

तुझा,
चिमटा

*

ता. १२ मार्च

चि. चिमट्यास,
अनेक आशीर्वाद.

खुलासा मागितलास, तो लिहितो.

रविवारी बसलो. पहिली बाजू झाली, दुसरी झाली. ऑर्गन थांबला. आणि कोणीतरी खोकलं. दोनदा. मग जरा वेळाने खुर्ची.

अरे, तू पाच वर्षांचा असताना तुला तो मोठा खोकला झाला होता. दीड महिना तू माझ्या शेजारी, माझ्या अंथरुणात होतास. शंभरात चाळीस राहू देत, दहा राहू देत, तुझा खोकला मला भिंतीपलीकडून कळेल. पहिला खोकलास तो ठीक. दुसऱ्याआधी थांबलास, परवानगी मागितल्यासारखा. आणि खुर्ची उशिरा करकरली, कारण तिला करकरायला लावण्याएवढं वजन तुझ्या अंगात नाही. म्हणून लिहिलं होतं की जेवत जा.

मी हेडफोन काढले आणि तुझ्या वहिनीकडे बघितलं. ती घडी घातलेलंच कापड पुन्हा घडी घालत होती. मी विचारलं की हा जर आपला चिमटा आहे, तर आधीचा कोण होता. मग तिने सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे सगळ्या मजल्याला कळलं की आमच्या अण्णांना खोकला होता.

आधी मी हसलो. सोळा वर्षं मी त्या खोकल्यावर लोकांना ऐकवत आलो. कारखान्यातल्या एका वेल्डरला तर पटवून दिलं होतं की त्यात सगळं तत्त्वज्ञान आहे. आणि अण्णा समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते, मान डोलवत होते, एकदा तर म्हणाले होते की खोकावं तर असं. हे आठवलं, आणि मग हसू थांबलं.

मग तुझ्यावर रागावलो. ते लपवत नाही. दोन दिवस पत्रे जरा जोरातच ठोकले, फोरमनने हातवारे करून विचारलं की कोणाचं डोकं समजतोयस. तू पुसलंस म्हणून रागावलो, आणि खोटा खोकला पाठवलास म्हणून जास्त. माझ्या कानांना काही कळणार नाही असं तू धरून चाललास ना? तिसऱ्या दिवशी कामावरून आलो, बसलो, आणि मला खोकला आला. साधाच, पत्र्याच्या धुळीचा. माझा मला नीट ऐकू आला नाही, छातीत कळला. मग हाताला खुर्ची लागली आणि वाटलं की हा पोरगा किती वेळा खोकला असेल एवढ्या नऊ सेकंदांसाठी. आईने विचारलं असेल की काय झालं, आणि याने सांगितलं असेल की हवा कोरडी आहे. राग तिथेच बसला. उठायला त्यालाही दम नसावा.

आता मत. पाचव्यालाच राहू दे. जागा मात्र बदलून लिही: दुसरी बाजू, शेवटचा तुकडा, ऑर्गननंतरची नऊ सेकंदांची शांतता. ती मूळ रेकॉर्डवर आहे, तुम्ही तीनदा लावून बघितली आहे, तेव्हा नियमाला धक्का नाही. पाचवा निवडून आला तर त्या वेळी कोणी खोकू नये असं पोस्टमास्तरांना माझ्या नावाने बजाव. नाही आला तरी तुम्ही सगळे एकदा नऊ सेकंद बसा आणि मग कुलूप लावा.

सहावा आणि सातवा राहिलेत. क्रमाने ऐकेन. सातव्यापर्यंत कान टिकेल असं वाटतं. त्यानंतरचं त्यानंतर.

सहा कॅसेट ऐकून झाल्या की परत पाठवीन, तुझ्याच दोऱ्याने बांधून. पाचवी पाठवणार नाही. अण्णांचा खोकला मला पाठ आहे, चौथ्यातल्या किटलीसारखा, तो लागेल तेव्हा मी मनात वाजवून घेईन. पण तुझा आवाज माझ्याकडे कशावरच नव्हता. आता आहे, आणि अजून ऐकूही येतोय. घरी असती तर तू ती साफ केली असतीस.

आईला सांग की कान ओढायचे तर अजून एक शिल्लक आहे. लोभ वाढव वगैरे म्हणत नाही. आहे तसाच राहू दे, त्या घूं आवाजासकट.

तुझा,
दादा